चणकीचे व्रत

देवबागेत आमच्या माडांच्या बागेला दोन दारे आहेत. एक समुद्राकडे उघडते, दुसरे खाडीकडे. सकाळची संध्या मी समुद्राकडच्या दारात करीत आलो आणि पोटाचा उद्योग खाडीकडच्या दारातून. दोहोंमध्ये अंतर थोडे आहे, तरी ते पार करताना माणसाची बरीच तारांबळ होते, हे मला वृद्धपणी कळले.

उद्योग असा, की गळाने मासे धरण्याची हौस असलेल्या पाहुण्यांना होडीतून खाडीच्या मुखापर्यंत न्यायचे, मासा कोठे असेल ते सांगायचे आणि तो लागल्यावर सुखरूप वर घ्यायचा. आमच्याकडे याला ‘गरवणे’ म्हणतात. पाठशाळेत व्याकरण आणि साहित्य शिकून आलेल्या माणसाने असा उद्योग का करावा, असे पुष्कळांनी विचारले. वडील अकस्मात गेले, बाग आणि होडी मागे राहिली, हे त्याचे साधे उत्तर आहे. मासे मला प्रिय होते, हे दुसरे. आमच्या घरात देवपूजा आणि मत्स्याहार पिढ्यान्पिढ्या एकत्र नांदत आले आहेत. एकादशीला आणि सोमवारी मासा वर्ज्य. एरवी दुपारच्या पानात तो नसला तर घरातली माणसे एकमेकांशी फारसे बोलत नाहीत.

होडी चालवायला धाकू होता. त्याचे घर आमच्या कुंपणाला लागून. माझ्याहून वर्षाने लहान, पण पाण्याच्या बाबतीत माझा गुरूच. मला तो कधी ‘शास्त्रीबुवा’ म्हणे आणि कधी, विशेषतः मी चुकलो की, फारच आदराने ‘शास्त्रीबुवा’ म्हणे.

जे कधी गरवले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गळावर खेळणारे मासे आमच्या पाण्यात पुष्कळ, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. सुरमई बाहेरच्या मोकळ्या समुद्रात धावणारी. तिचे दात कात्रीसारखे, म्हणून गळाच्या वर तारेचा तुकडा बांधावा लागतो. मोडसा जिज्ञासू, पाण्यावर तरंगणारे काहीही दिसले की त्याच्या सावलीत येऊन उभा राहतो आणि त्या जिज्ञासेनेच मरतो. तांबोशी खडकातली. गळ तोंडात येताच ती आपल्या कपारीकडे वळते. त्याच क्षणी तिला रोखले नाही, तर दोरी खडकाला घासून तुटलीच म्हणून समजावे. आणि चणक. हिचे वर्णन करताना माझी लेखणी आजही थोडी सावकाश चालते.

चणक धावत नाही, ती वाट पाहते. ओहोटीला, म्हणजे आमच्या बोलीत सुकतीला, खाडीचे पाणी समुद्राकडे ओढले जाऊ लागले की ती खडकाच्या किंवा खांबाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहते. लहान मासा वाहत आला की केवळ जबडा उघडते. पाण्यात एक घुमका होतो, जणू कोणी खोलात दार लोटले. गळ लागला की अंग पाण्याबाहेर फेकते, मस्तक झटकते, आणि तिच्या गालफडाची कड इतकी धारदार, की ताणलेली दोरी तिच्यावर सहज कापली जाते. चणक उपजते ती नर म्हणून, आणि वाढता वाढता मादी होते. म्हणजे मोठी चणक ही प्रत्येक वेळी माता असते. जाणते गरवणारे म्हणून मोठी चणक धरून पुन्हा पाण्यात सोडतात. धाकूला हे कधीच पटले नाही. “देवान ताटात वाढल्यान आणि तुमी परत पातेल्यात घालतास,” तो म्हणे.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. एक गृहस्थ हाताला इतके सुगंधी मलम फासून येत, की धाकू त्यांना वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवी. एकांची न्याहारी लांबली, तेव्हा त्यांनी भरती थोडी पुढे ढकलता येईल का, अशी गंभीरपणे पृच्छा केली. धाकू तितक्याच गंभीरपणे म्हणाला, “समुद्राच्या ऑफिसात माजी वळख नाय, सायबानु.” हे सगळे आनंदाचे दिवस. परंतु या उद्योगाचा विचार मनात आला, की मला एकच पाहुणा आठवतो, आणि तो आठवला की हसू ओसरते.

त्यापूर्वी काशीची गोष्ट सांगितली पाहिजे.

सुमतीला, माझ्या पत्नीला, काशी करायची होती. आम्ही गेलो. काशीला जाऊन आवडीची एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. बहुतेक लोक काय सोडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. कारल्याइतका त्याग काशीत गंगेने दुसऱ्या कोणत्याही पदार्थाचा पाहिला नसेल. सुमतीने फणसाची भाजी सोडली. “तशीय माका ती बाधता,” असे तिने मला हळूच सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मला अशी पळवाट लाजिरवाणी वाटली. सोडायचे तर जे खरोखर प्रिय आहे तेच सोडावे. मी चणक सोडली.

इथपर्यंत ठीक होते. परंतु संकल्प सांगणाऱ्या उपाध्यायांना मी थांबवले आणि माझा संकल्प मीच संस्कृतात उच्चारला. पाठशाळेत शिकलेले कोठेतरी उपयोगी पडावे, ही इच्छा त्यात नव्हती असे म्हणवत नाही. इतर लोक ‘खाणार नाही’ एवढेच म्हणतात. मी त्या संकल्पाला आणखी दोन पदे जोडली: चणक खाणार नाही, धरणार नाही, तिला शिवणार नाही. उपाध्यायांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्यांनी बहुधा माझ्यासारखे पुष्कळ पाहिले असावेत.

घाटाच्या पायऱ्या चढताना सुमती म्हणाली, “खावचंय नाय म्हटल्यार पुरा होता. शिवूचंय नाय कित्याक?”

“अर्धवट त्याग हा त्याग नव्हे,” मी म्हणालो.

“बरां. पण तुमचो धंदो गरवणाऱ्यांचो. उद्या होडयेत चणक इली तर तुमी खंय जातलास?”

“धाकू आहे ना.”

आणि खरेच, धाकू होता. त्यानंतर होडीत चणक आली की मी मागे सरून बसे आणि धाकू हातजाळे, म्हणजे लांब दांड्याचे टोपलीसारखे जाळे, पाण्यात घालून तिला वर घेई. पाहुण्यांना हे मौजेचे वाटे. काही जण माझ्या व्रताविषयी आदराने विचारीत, आणि मी आदराने उत्तर देई. त्या उत्तरात मला किती सुख वाटे, ते आता आठवू नये असे वाटते.

तो पाहुणा म्हणजे पुण्याचे सोमण. कारखान्यात सूक्ष्म मोजमापाची उपकरणे जुळवण्यात त्यांची हयात गेली. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवणारे हात. निवृत्तीनंतर ते दर भाद्रपदात आमच्याकडे येऊ लागले. लाकडाचे छोटे शेवटे, म्हणजे चणकीला प्रिय असा खाडीतला मासा, ते स्वतः कोरून, रंगवून आणीत. पाण्यात ओढला की तो लाकडी शेवटा असा वळवळे, की धाकूसुद्धा म्हणाला, “ह्येका मीठ-मसालो लावलो तर मी खाईन.”

मोठी चणक मात्र त्यांना लाभली नाही. तांबोशा लागल्या, रावस लागले. चणक लागे आणि सुटे. एखादा अधिक उतावळा असता तर त्याने जागा बदलली असती; सोमण हसत आणि पुढच्या वर्षी येत.

मग एका वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप दिसला. चहाची कपबशी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मी पाहून न पाहिल्यासारखे केले. त्यांनीच सांगितले.

“कंपवात. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. घाई नाही त्याला, पण थांबणारही नाही.” मग थोड्या वेळाने, “गुरुजी, या हातांनी सगळं दिलं मला. आता ते माझं ऐकेनासे झालेत. त्यांनी पूर्ण नाही म्हणायच्या आत एक मोठी चणक मला या हातांनी काढायची आहे. फोटो नको, खायची नाही. जरा धरायची आणि सोडून द्यायची.”

“होईल,” मी म्हणालो. आमच्या धंद्यात असे म्हणायचे नसते. पाणी आणि मासा यांच्या वतीने कोणी शब्द देऊ नये.

तो पितृपक्ष होता. पाऊस सरत आलेला, खाडीचा गढूळपणा निवळू लागलेला. अशा दिवसांत चणक मुखाशी येते. सोमणांच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी पाणी पाहिजे तसे होते. सुकती सकाळीच लागणार होती. परंतु धाकूच्या घरी त्या दिवशी म्हाळ होता. वडिलांचे श्राद्ध सोडून तो येणे शक्य नव्हते, आणि मी त्याला तसे सुचवणेही शक्य नव्हते.

तो कुंपणाशी येऊन म्हणाला, “आज ऱ्हवांदे, शास्त्रीबुवा. उद्या जावया.”

“उद्या ते पुण्याला निघणार.”

“मग दुसऱ्या कोणाक तरी घेवा सांगाती.”

परंतु ज्याच्या त्याच्या घरी काही ना काही होते. मी सोमणांना स्पष्ट सांगितले, “आपण जाऊ. पण चणक लागली, तर मला तिला वर घेता येणार नाही. तुम्हांला माहीत आहे.”

“आधी लागू तर द्या!” ते हसले. “जमवू काहीतरी.”

आम्ही गेलो. कर्ली नदीचे पाणी जेथे समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे काही खडक आहेत, तेथे नांगर टाकला. पर्यटकांच्या नौका अजून सुरू झाल्या नव्हत्या. सोमणांनी लाकडी शेवटा फेकला आणि सावकाश ओढू लागले. हाताचा कंप गळाच्या काठीच्या टोकापर्यंत पोचत होता, आणि त्यामुळे तो खोटा मासा अधिकच जिवंत दिसत होता, हे मी पाहिले.

घुमका झाला. मग ती वर आली. एवढी चणक त्या मुखावर मी पुन्हा पाहिलेली नाही. पाण्याबाहेर उभी राहिली, मस्तक झटकले आणि खाली गेली.

“गुरुजी!”

“दोरी ढिली पडू देऊ नका. ओढूही नका. तिला जाऊ द्या.”

सोमणांनी ते जसे केले, तसे मी कोणालाही करताना पाहिले नाही. ती धावली की देत होते, थांबली की घेत होते. हात थरथरत होते, पण त्या हातांत मुरलेली बुद्धी थरथरत नव्हती. फार वेळ गेला. ती थकली. होडीच्या कडेला आली आणि एका कुशीवर कलली. रुपेरी अंग, पाठीवर काळसर हिरवी झाक, डोळा लाल, पेटल्यासारखा. माझ्या हातापासून हातभर अंतरावर.

काठी धरायला सोमणांना दोन्ही हात लागत होते. हातजाळे माझ्या पायाशी पडलेले होते.

“गुरुजी, जाळं,” ते म्हणाले. आज्ञा नव्हे, विनवणीही नव्हे. शेजारी बसलेल्याला जसे आपण तांब्या द्यायला सांगतो, तसे.

मी नाही म्हटले नाही. हे मला नमूद केले पाहिजे, कारण पुढे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. मी नाही म्हटले नाही आणि जाळेही उचलले नाही. मी विचार करू लागलो. जाळ्याचा दांडा माझ्या हातात असेल, दांड्याच्या टोकाला जाळे, जाळ्यात चणक. हा माझा स्पर्श ठरेल काय? सोवळ्याच्या नियमात कापसाच्या वस्त्रातून विटाळ पोचतो, रेशमातून पोचत नाही. लाकडाचे काय? आणि जाळे तर नायलॉनचे. नायलॉनविषयी कोणत्याही आचारग्रंथात काही सांगितलेले नाही. बरे, स्पर्श न मानला तरी ‘धरणार नाही’ हे पद उरतेच; आणि जाळ्यात घेणे म्हणजे धरणेच की.

“गुरुजी,” सोमण पुन्हा म्हणाले.

मी खाली वाकलो. माझी बोटे दांड्याला लागली. तेवढ्यात चणक, जी पुरती थकली आहे असे मला वाटत होते, होडीखाली वळली. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, इंजिनाच्या पात्यावर घासली. तुटताना आवाजही झाला नाही. काठी एकदम सरळ झाली.

उरलेली दोरी सोमणांनी नीट गुंडाळली. ते करताना हात फार थरथरत होता. लाकडी शेवटा तिच्या तोंडात गेला होता; त्याचीच त्यांना चिंता वाटली. “गळ गंजून पडेल ना हो तिच्या तोंडातून?”

“पडेल,” मी म्हणालो. पुन्हा एकदा पाणी आणि मासा यांच्या वतीने.

संध्याकाळी म्हाळाचे आटोपून धाकू आला.

“मगे? लागली?”

“लागली.”

“केवडी?”

मी हात पसरून दाखवले. त्याने डोळे मोठे केले.

“आणि?”

“होडीपर्यंत आली. मग सुटली.”

“हातजाळा खंय होता?”

“होडीतच.”

“आणि तुमी?”

“मीही होडीतच.”

धाकू फार आदराने म्हणाला, “शास्त्रीबुवा, तो दांडो काय तुमका चावतलो होतो?”

सोमण गेल्यावर मी माझ्या सहाध्यायाला दूरध्वनी केला. तो आता एका मठात धर्मशास्त्र सांगतो. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, “जाळ्याच्या दांड्याला दोष नाही. संकल्प स्वतःच्या भोगापुरता असतो. दुसऱ्याला हात देण्याच्या आड तो येत नाही. आणि तुझ्या मनाला दोष वाटलाच असता, तर एक उपवास आणि जप. पुरे.”

“एवढेच?”

“एवढेच. तुला काय वाटले?”

जन्मभर मी एकादश्या केल्या. उपवासाचे मला कधी काही वाटले नाही. तेवढ्याच किमतीत ती चणक सोमणांच्या हातांत आली असती.

वर्षभर मी भाद्रपदाची वाट पाहिली. सोमण येणार असे कळल्यावर आदल्या दिवशी मी उपवास केला, जप केला, प्रायश्चित्त आधीच पुरे करून ठेवले. व्रत मोडण्याची अशी पूर्वतयारी शास्त्रात बसते की नाही, हे या वेळी मी कोणालाही विचारले नाही. सुमतीने विचारले, “आज कसलो उपास?” मी सांगितले. ती म्हणाली, “बरां केलास.”

सोमण मोटारीतून उतरले ते चालकाच्या खांद्यावर हात ठेवून. दोन्ही हात आता अखंड हलत होते. सामानात काठी नव्हती.

“यंदा नुसता होडीत बसायला आलोय,” ते म्हणाले.

धाकूने होडी हाकली. त्याच खडकांपाशी थांबलो. पाणी स्वच्छ होते आणि सुकती लागली होती. खडकाच्या आडोशाला घुमका झाला. धाकूने माझ्याकडे पाहिले. मी आमची काठी उचलली.

“गुरुजी, हे काय?”

“आज मी गरवतो. लागली की धाकू काठी धरील, मी तिला वर घेईन आणि आपण दोघे मिळून तिला पाण्यात धरू. तुमचे हात माझ्या हातांत असतील.” हे वाक्य मी वर्षभर मनात जुळवले होते.

सोमण हसले. पूर्वीचेच हसणे, पण ओठांच्या एका बाजूला आता ते पोचत नव्हते.

“ठेवा ती. तुमचं व्रत माझ्या हौसेपायी मोडलं, तर मला झोप यायची नाही. आणि ती चणक माझी नसेल हो. मला मासा नकोच होता. माझे हात अजून...” ते तेथेच थांबले. मग धाकूला म्हणाले, “काय रे, मागच्या वर्षीचीच असेल का ही?”

“तीच आसतली, सायबानु,” धाकू म्हणाला. “तुमचो शेवटो खावन माजलीसा.”

काठी मी खाली ठेवली. सुकती संपेपर्यंत आम्ही बसून राहिलो. ती आणखी दोनदा घुमली.

दुपारी आमच्याकडेच जेवण होते. सुमतीने तांबोशी तळली होती, भात आणि सोलकढी. सोमणांनी घास घ्यायचा प्रयत्न केला. काटा सोडवायला बोटे स्थिर लागतात; त्यांची बोटे तुकड्यावरून निसटत होती आणि ते कोणाकडेही न पाहता पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत होते. मी माझ्या पानावरून उठलो, हात धुतले, त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या पानातली तांबोशी पुढे ओढून एकेक काटा काढून भाताच्या कडेला मांस ठेवू लागलो. सुमती वाढता वाढता थांबली.

सोमण माझ्या बोटांकडे पाहत होते.

“गुरुजी,” ते म्हणाले, “हिला हात लावलेला चालतो ना?”

ते थट्टेनेच म्हणाले. सुमती हसली, तेही हसले. मी मान खाली घालून काटे काढीत राहिलो.